कुमठण्याची शांतता

"गेलं कोण?" सरपंच छबूताईंनी विचारलं.

"कोणी गेलं नाही," मी म्हणालो.

"मग शांतता कशाला पाळायची?"

ग्रामसभेला मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. कुत्र्यांचं काय करायचं, कोंबड्यांचं काय, आमच्या आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, पिठाच्या गिरणीचं काय, सगळी उत्तरं पाठ होती. हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातच आला नव्हता. कुमठण्यात माणसं एका जागी गप्प उभी राहतात ती फक्त कोणी वारल्यावर. त्याशिवाय गप्प राहायचं दुसरं कारण गावाला माहीत नव्हतं.

"एकच मिनिट, ताई. सगळ्या गावाचं."

"मिनिट म्हंजे थोडं वाटतंय व्हय तुला? मागं त्या पुढाऱ्याच्या चुलत्याला एक मिनिट दिलं, तर अर्ध्यातच निम्मी माणसं खाली बसली. आन् तो तर खरा मेला होता."

"मेलेला माणूस असल्याशिवाय जमणार न्हाई बघ," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी मिनिट मागायला आलो होतो आणि सभा मला मयत आणायला सांगत होती.

मी तेव्हा नुकतंच कॉलेज संपवलं होतं आणि आवाज विकत होतो. हे काम आहे यावर माझाही बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. जगभरातली माणसं एका वेबसाइटवर आपापल्याकडचे आवाज टाकतात, आणि ज्यांना सिनेमासाठी, जाहिरातीसाठी, गेमसाठी आवाज हवा असतो ती माणसं ते विकत घेतात. मी पहिल्यांदा गंमत म्हणून आण्णांच्या गिरणीचा पट्टा घसरतानाचा आवाज टाकला. ब्राझीलमधल्या एकाने तो घेतला आणि कळवलं, की त्याच्या गेममधल्या ड्रॅगनला आता व्यवस्थित अपचन होतंय. मग आमच्या म्हशीचं रवंथ गेलं. ते कोरियात एक प्रेत चालताना वाजतं. घाट चढणारी सकाळची पाटण गाडी तर अंतराळयान म्हणून उडाली. तो व्हिडिओ मी आण्णांना दाखवला. आग ओकत यान ढगांत शिरलं. आण्णा शेवटपर्यंत गंभीरपणे बघत राहिले आणि म्हणाले, "क्लच गेलाय हिचा."

नकाशात आमचं गाव शोधायचं तर आधी पठारावरच्या पवनचक्क्या सापडतात, आणि मग त्यांच्या पायाशी गाव. आणि त्या गावातल्या म्हशीने तोंड हलवलं की समुद्रापलीकडे कोणीतरी दचकत होतं. म्हैस बिचारी तशीच रवंथ करत बसलेली. मी तिच्याकडे बघत बसायचो. तिला काय सांगावं हे कळायचं नाही.

मग मार्गितचा फोन आला. मार्गित एस्टोनियात गेमसाठी आवाज जुळवायचं काम करते. एस्टोनिया कुठे आहे हे आण्णांना नकाशावर दाखवलं, तर तो देश त्यांच्या अंगठ्याखाली पूर्ण गेला. फोनवर तिच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता आणि माझ्या मागे शेळी. मार्गितला आवाज नको होता. तिला शांतता हवी होती.

"वाळवंटाची आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "बर्फाची आहे. जंगलाची आहे. सगळ्या मेलेल्या वाटतात. मला माणसांनी भरलेल्या जागेची हवी. दिवसाउजेडी, उघड्यावर. बोलू शकतील अशी पुष्कळ माणसं असावीत आणि त्यांनी बोलू नये."

ती कशासाठी हवी आहे ते तिने सांगितलं नाही. जमलं तर मला कायमचं काम देणार होती. गावातच राहायचं, आवाज गोळा करायचे, तिला पाठवायचे. आणि ते मला या आठवड्यातच जमवायचं होतं, कारण सोमवारी मी चाकणला एका कारखान्यात हजर व्हायचं असं आण्णांनी ठरवून टाकलं होतं. चुलतभावाने शब्द टाकला होता, खोलीसुद्धा बघून ठेवली होती. आण्णांचं म्हणणं साधं होतं: हवा विकून कोणाचं पोट भरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"पठारावरची कंपनी वाराच विकते की," मी म्हणालो होतो.

"त्यांच्याकडं पंखे हैत. तुझ्याकडं काय हाय?"

माझ्याकडे पंखेही नव्हते; आतापर्यंत निदान आवाज तरी विकत होतो, आता तो नसणं विकायला निघालो होतो.

तर ग्रामसभेत मयताचा शोध चालू झाला. एकाने मागच्या वर्षी उन्मळून पडलेला वड सुचवला. दुसरा म्हणाला, वडापेक्षा जळालेला ट्रान्सफॉर्मर बरा, गावासाठीच जळला बिचारा. रात्री का करत नाहीस, असं एकाने विचारलं, तर त्याला बाकीच्यांनीच झापलं: रात्री शेतीची लाईट येते, सगळ्या विहिरींवर मोटारी चालू असतात, रात्री कसली शांतता. छबूताई घड्याळाकडे बघायला लागल्या. माझं मिनिट चाललं होतं, आणि त्याच्या मागे चाकणची खोली दिसायला लागली होती.

"माझी ठेवा," तात्या म्हणाले.

सगळी सभा वळली. तात्या शेडगे, म्हणजे शेडगे साउंड सर्व्हिसचे मालक. कुमठण्यातला सगळ्यात मोठा आवाज. चौकातल्या त्यांच्या दुकानाबाहेर कपाटाएवढे दोन बॉक्स उभे असायचे आणि दिवस उजाडला की त्यांतून गाणी सुरू व्हायची. आवाज असा, की समोरच्या दुकानातला किराणावाला भाव बोटांवर दाखवायचा. आमच्या गावचा माणूस दवाखान्यातसुद्धा ओरडून सांगतो की घसा बसलाय, ती सवय तात्यांमुळे. आवाज कमी करा म्हणून कोणी गेलं, की तात्या त्याच्या तोंडाकडे नीट बघून घ्यायचे, मग बॉक्सवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, बटण आणखी थोडं वर सरकवायचे आणि म्हणायचे, "आत्ता बसला." हा त्यांचा माज आहे यावर गावात दुमत नव्हतं. माझ्या अडचणींच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं.

त्यांच्या शेजारी त्यांची बायको, सोनाक्का, उभी होती; दुकानात फोन आला तरी तात्या तो तिच्याच हातात द्यायचे. मघापासून ती त्यांच्या अगदी तोंडासमोर तोंड नेऊन काहीतरी सांगत होती. मला वाटलं भांडण चाललंय.

"तात्या," छबूताई म्हणाल्या, "तुम्ही जिवंत हाय."

"मग? मेल्यावर मला दिसणार हाय का, कोण उभं ऱ्हायलं आन् कोण बसलं? आत्ताच ठेवा. मी बघतो."

"लोक काय म्हणतील?"

सोनाक्काने ते त्यांना पुन्हा सांगितलं. तात्या म्हणाले, "लोकांनी काय म्हणूच नये, त्यासाठीच ठेवतोय न्हवं?"

ठराव मंजूर झाला. ग्रामसेवकांनी लिहायला घेतला आणि नावाआधी 'दिवंगत' लिहावं की नाही इथे अडले. बरीच चर्चा होऊन शेवटी 'होऊ घातलेले दिवंगत' असं लिहिलं गेलं.

तात्यांची एकच अट होती. "मी 'बसा' म्हणत न्हाई तवर कोणी हलायचं न्हाई. मयत माझी हाय."

"चालेल," मी म्हणालो. "माझं रेकॉर्डिंग संपलं की मी 'झालं' म्हणतो. मग तुम्ही 'बसा' म्हणा."

तात्या माझ्या ओठांकडे बघत होते. "म्हण की," ते म्हणाले.

घरी आण्णा गिरणीत होते. पापण्यांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर पीठ. मी दारातून ओरडून सांगितलं, की उद्या दुपारी गिरणी बंद ठेवायची आहे. त्यांनी दळण पूर्ण होऊ दिलं, डब्याचं झाकण लावलं आणि मग म्हणाले, "आन् परवा चाकण."

"हे जमलं तर नाही जायचं."

"न्हाई जमलं तर?"

"तर जाईन."

"बॅग भरून ठेव," आण्णा म्हणाले. "शांतता काय, कोणी शिंकलं तरी मोडती."

मी बॅग भरली. खरं सांगायचं तर मलाही शिंकेचीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर चौक भरायला लागला. कोंबड्या डालग्यांखाली गेल्या. कुत्र्यांना भाकरी दाखवत ओढ्यापलीकडे नेलं. सगळ्यांचे मोबाईल एका लोखंडी पाटीत गोळा करून वर गोधडी टाकली. आतून अधूनमधून काहीतरी थरथरायचं, तेव्हा दुसरी गोधडी टाकली. तात्यांनी स्वतःच्या हाताने बॉक्सच्या वायरी काढल्या. चौकात टेबल, टेबलावर तात्यांचा लग्नातला फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोशेजारी तात्या, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी माईकवर वाऱ्यासाठीची केसाळ टोपी चढवली आणि तो काठीला बांधून उभा केला.

"मांजर कशाला बांधलंस रं काठीला?" सोनाक्काने विचारलं.

"वारा लागू नये म्हणून, आक्का."

"मांजराला?"

तेवढ्यात खालच्या रस्त्याने टेम्पोचा आवाज आला, आणि टेम्पोच्याही वर बायकांच्या रडण्याचा. तात्यांची बहीण हिराबाई, खालच्या वाडीची. कुमठण्यात तात्यांची शांतता आहे एवढंच तिच्यापर्यंत पोचलं होतं. टेम्पो चौकात थांबला, हिराबाई 'माझ्या दादा' करत उतरली आणि समोर दादा उभा.

तिने फोटोकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं.

"हाय तू?"

तात्यांनी मान हलवली.

"मग एवढ्या बाया घेऊन आले ते काय करू आता?" हिराबाई म्हणाली. "भाड्याचा टेम्पो हाय. निदान रडून तर घेऊ दे."

तिला रडू द्यायचं ठरलं, कारण नाहीतर ती शांततेत रडली असती. बाया पाचएक मिनिटं मोकळेपणाने रडल्या. तात्या तिच्या तोंडाकडे बघत उभे होते; एकदा म्हणाले, "बरं रडती." मग हिराबाईने डोळे पुसले, कोणीतरी दिलेलं पाणी प्यायली आणि रांगेत उभी राहिली. आण्णा सगळ्यात शेवटी आले. गिरणी बंद करून, तसेच पिठाचे.

मी हेडफोन चढवले. हात वर केला. तात्यांनी डोळे मिटले आणि एक हात शेजारच्या बंद बॉक्सवर ठेवला. मी हात खाली घेतला.

पहिल्यांदा गावाला गप्प राहता येईना. बोलत कोणीच नव्हतं, पण न बोलण्याचाच केवढा आवाज होता. चपला फिरत होत्या, गुडघे मोडत होते, कोणाच्यातरी पोटात दुपारचं कालवण बोलत होतं. हेडफोनमध्ये ते सगळं दसपट मोठं. एक खोकला आला, तो दुसऱ्याने घेतला, तिसऱ्याने गिळला. मला बॅग दिसली, चाकणची खोली दिसली.

आणि मग काहीतरी खाली बसलं. ओढ्याच्या पाण्यातून गुरं गेली की ते गढूळ होतं, आणि मग कोणी काही न करता तळ दिसायला लागतो, तसं.

पत्र्यावरून एक चिमणी चालली, तिची नखं मोजता आली असती. छबूताईंच्या पडवीतला नळ थेंब धरून ठेवत होता आणि सोडत होता. बंद झालेली गिरणी निवताना आतून टिक्, टिक् करत होती. ती असं करते हे मला, गिरणीच्या पोराला, माहीत नव्हतं. पिंपळ एकदम वाजत नव्हता, एकेक पान वाजत होतं. आणि माणसांचा श्वास. सगळ्या गावाचा श्वास, वेगवेगळा सुरू झालेला, हळूहळू एकमेकांजवळ सरकत होता. कोणी ठरवलं नव्हतं. मी माईककडे बघत होतो आणि माझ्या हातावरचे केस उभे होते.

त्याच्याही खाली आणखी काहीतरी होतं. मला वाटलं रेकॉर्डरची घरघर आहे. मी हेडफोनचा एक कान उघडा केला, तर ते बाहेरही होतं. हूं. मग थांबून, हूं. खूप मोठं, खूप लांबून, कोणी झोपेत कूस बदलावी तसं.

मी वर पाहिलं. पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या.

मी शाळेत होतो तेव्हापासून त्या तिथे आहेत. कंपनीच्या साहेबांनी नारळ फोडला होता, आम्हाला पेढे दिले होते. त्यांची सावली आमच्या कौलांवरून जाते. पण त्यांना आवाज आहे हे गावाला कधी कळलंच नव्हतं. एकेक करत माना वर व्हायला लागल्या. छबूताईंची झाली. हिराबाईची झाली, तोंड अर्धं उघडं. आण्णांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या पापण्यांवरचं पीठ उडालं. सगळा चौक वर बघत होता आणि वरून ते येत होतं, हूं, हूं, आणि त्याखाली आम्ही एवढे एवढे. गावाला देव पाहायची सवय आहे; देवाला हात जोडून लगेच पुढच्याला जागा द्यायची असते. इथे कोणी कोणाला पुढे सरका म्हणत नव्हतं.

मिनिट केव्हाच संपलं होतं. मी भानावर आलो.

"झालं," मी हळूच म्हणालो.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. गाव हललं नाही. 'बसा' आलं नव्हतं.

"तात्या, झालं."

हे मी नेहमीच्या आवाजात म्हणालो होतो. त्या चौकात ते ताट पडल्यासारखं वाजलं. पिंपळावरचा कावळा उडाला. तात्या तसेच. डोळे मिटलेले, तळहात बॉक्सवर पसरलेला. बॉक्सची वायर काढून त्यांनीच गुंडाळून ठेवली होती, तरी बोटं त्या लाकडावर किंचित सरकत होती, अंधारात बटण शोधावं तशी.

मी सोनाक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिने अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणून.

तेव्हा मला कळलं. तोंडाकडे बघणं, बॉक्सवरचा हात, फोन आला की तो आक्काकडे देणं, रोज थोडं थोडं वर सरकत गेलेलं ते बटण. माज नव्हता तो. तात्या आपल्या दुकानातलं गाणं हाताने शोधत होते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावून 'झालं' सांगू शकलो असतो. ते सोपं होतं. का कोण जाणे, मी माझे हेडफोन काढले, त्यांचं बटण होतं तेवढं वर केलं आणि ते तात्यांच्या कानांवर चढवले.

तात्या दचकले. डोळे उघडले. मी माईकची काठी उचलली, पण ती कुठे धरायची हे मला सुचेना. केसाळ टोपी सोनाक्कासमोर गेली. सगळ्या गावासमोर आपल्याकडे मांजर रोखलेलं बघून आक्का ओशाळली आणि तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. बांगड्या वाजल्या.

तात्यांचा चेहरा मी कसा सांगू. दिवाळीत अंगणात पहिला भुईनळा पेटतो आणि लहान पोर त्याच्याकडे बघतं, तसं काहीतरी होतं ते, पण सत्तरीच्या माणसाच्या तोंडावर.

"आगं," तात्या म्हणाले, "ह्या अजून वाजत्यात व्हय?"

"न वाजायला काय झालं?" आक्का म्हणाली. मग तोंड त्यांच्या समोर नेऊन, सावकाश, "तुम्ही हाय तवर वाजणारच की."

तात्यांनी तिला हाताने खूण केली, पुन्हा. आक्काने पदर सोडला आणि पुन्हा ओढला. गाव उभंच होतं. मग मी माईक पठाराकडे वळवला आणि तात्या बराच वेळ ऐकत राहिले.

"आन् हे कोण घोरतंय?"

"पंखे," मी म्हणालो. त्यांनी ते माझ्या ओठांवर वाचलं, वर बघितलं, आणि हात जोडले. पवनचक्कीला हात जोडणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. कोणी हसलं नाही.

शेवटी त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले, गावाकडे वळले आणि म्हणाले, "बसा."

कोणी बसलं नाही.

त्या दिवसापासून तात्यांच्या दुकानात जाऊन 'आवाज कमी करा' असं कोणी म्हणालं नाही. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, चर्चा झाली नव्हती, ठराव तर नाहीच. दुसऱ्याच दिवशी बॉक्स पहिल्यासारखेच गर्जू लागले आणि किराणावाल्याने निमूटपणे बोटं वर केली. ही कुमठण्याची दुसरी शांतता. ती मी रेकॉर्ड केली नाही.

पहिली मी त्याच संध्याकाळी मार्गितला पाठवली, न कापता, सगळीच्या सगळी. सोमवारी सकाळपर्यंत उत्तर नव्हतं. मी बॅग घेऊन खाली आलो, तर गिरणीच्या दारात बायका डबे घेऊन उभ्या आणि गिरणी बंद. आत आण्णा पट्ट्याला हात लावून बसले होते.

"लाईट गेली?" मी विचारलं.

"न्हाई."

नुकतं फटफटत होतं, चौकातले बॉक्स अजून सुरू व्हायचे होते. दार उघडं होतं आणि पठारावरून ते येत होतं, हूं.

"एवढी वर्षं ह्याच्याखाली दळतोय," आण्णा म्हणाले. "माझ्याच गिरणीनं मला ऐकू दिलं न्हाई." मग माझ्या बॅगेकडे बघून, "असं अजून किती ऱ्हायलंय रं? ऐकायचं?"

"भरपूर असणार."

"मग ते बघ आधी. चाकण कुठं पळून चाललंय."

बाहेरून एक बाई म्हणाली, "आण्णा, पोराला नंतर समजवा, भाकरीचा खोळंबा झालाय." आण्णांनी गिरणी सुरू केली. पुढचं काही ऐकू आलं नाही.

मार्गितचं उत्तर दुपारी आलं. तिने काम दिलं, आणि आजही मी तिच्यासाठीच काम करतो. गावातच असतो, आवाज शोधत फिरतो. त्या उत्तरात तिने एकच विचारलं होतं: यात मध्येच काचेसारखं काय वाजतं? ते काढू नकोस, बोलणं तेवढं काढ. मी तिला बांगड्यांचा फोटो पाठवला.

ती शांतता कुठे वाजणार होती ते मला गेम आल्यावर कळलं. त्या गेमच्या शेवटी एक ग्रह आहे. निर्जन. सगळ्या लढाया, सगळी यानं मागे टाकून खेळणारा एकटा तिथे उतरतो, आणि तिथे कोणीच नसतं, काहीच नसतं. मार्गितने तिथे आधी वाळवंटाची शांतता घालून पाहिली होती. लोक कंटाळून निघून जायचे. आता थांबतात. जगात कुठे कुठे बसलेली पोरं त्या ओसाड मातीवर नुसती उभी राहतात, आणि का उभी राहिलो हे त्यांना सांगता येत नाही, असं ती म्हणाली. मला सांगता येतं. तिथे अख्खं कुमठणं उभं आहे. छबूताई आहेत, टेम्पोच्या भाड्यासकट हिराबाई आहे, पीठ झालेले आण्णा आहेत, आणि सगळे मिळून श्वास घेतायत. विश्वातल्या सगळ्यात रिकाम्या जागेला एवढी माणसं लागली.

तात्या पुढे खरेच गेले. पंचायतीत विषय निघाला तेव्हा छबूताई म्हणाल्या, त्यांची शांतता झालेली आहे, आता त्यांना त्यांचं द्या. दोन्ही बॉक्स ट्रॅक्टरवर चढवले, बटण होतं तेवढं वर केलं, आणि गाव नदीपर्यंत चालत गेलं. एकमेकांचं रडणं कोणाला ऐकू आलं नाही. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने चालता चालता बॉक्सवर तळहात ठेवला होता.

आता कधी कधी दुपारची कामं उरकली की सोनाक्का आमच्याकडे येते. हात मोकळे, बांगड्यांशिवाय. येऊन बसते, इकडचं तिकडचं बोलते, आईला भाजी निवडू लागते. मग म्हणते, "इंद्रजित, ते तुझं तिकडचं लाव की जरा."

मी गेम सुरू करतो. लढाया टाळून, वळसा घालून यान थेट त्या ग्रहावर उतरवतो. त्यालाही मी पाटण गाडीचाच आवाज दिलाय; क्लच घरघरतो आणि बंद पडतो. मग आक्काच्या कानांवर हेडफोन चढवतो.

"हितं कोण ऱ्हातंय?" ती दर वेळी विचारते.

"कोणी नाही, आक्का."

ती डोळे मिटते. थोड्या वेळाने तिचा हात आपोआप खांद्याकडे जातो आणि पदर ओढून घेतो, आणि मग ती ऐकत राहते.

मी 'झालं' म्हणत नाही.